घुगऱ्या, घोळाणा आणि एक पोतं ज्वारी

२०२२ च्या जुलैत जिन्याच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. लिहिता यायला लागलं, केस विंचरता यायला लागले, पण भाकरी काही थापता येईना. ज्वारीचं पीठ मळताना तळहाताच्या बुडाने रेटावं लागतं आणि नेमकी तिथेच कळ यायची. दोनचार वेळा नेट लावून पाहिलं. भाकरी कडेला चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. शेवटी परात उचलून माळ्यावर ठेवली आणि घरात पोळ्यांच्या बाई यायला लागल्या. त्यांना भाकरी येत नव्हती.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मात्र पोतं होतं. माझं माहेर माढा तालुक्यातलं. लग्न होऊन मी विश्रांतवाडीला आले, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत एकही मार्च असा गेला नाही, की माहेरहून ज्वारीचं पोतं आलं नाही. आधी वडील पाठवायचे, आता धाकटा भाऊ पाठवतो. पन्नास किलो, मालदांडी, कडुनिंबाचा वाळला पाला घातलेली, तोंड सुतळीने शिवलेलं. गावाकडून पुण्याला निघालेल्या कुणाच्या तरी गाडीत ते पोतं बसतं आणि आळंदी रस्त्यावर, आंबेडकर चौकाच्या अलीकडे, आम्ही ते उतरवून घेतो.

२०२३ च्या मार्चमध्ये भावाचा फोन आला. "अक्का, पोतं पाठवू का औंदा? का पीठच आणता तुम्ही हल्ली?" त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, तो सरळच विचारत होता. उजनीचं पाणी आल्यापासून आमच्याकडे ऊस वाढत गेला. ज्वारी उरली ती कोरडवाहू काळ्या तुकड्यात. तीही हाताने उपटून काढावी लागते आणि त्या कामाला माणसं मिळत नाहीत. "घरातलं कुणी खाणार नसंल तर पेरू कशाला," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, पाठव. फोन ठेवला आणि जुन्या पोत्यात हात घातला. निम्मं पोतं तसंच होतं. आत ऊब धरली होती, हाताला भुकटी लागली आणि तळहातावर दोन सोंडकिडे चालत होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ज्वारी उन्हात घातली, चाळली, निवडली. भोकं पडलेली पक्ष्यांना टाकली. उरलेली वीसेक किलो चांगली होती. त्या रात्री एक वाटी ज्वारी भिजत घातली. कसलाही बेत नव्हता. भाकरी येत नाही, तर घुगऱ्या तरी येतील, इतकाच विचार.

घुगऱ्या आमच्याकडे बारशाला होत. गहू, ज्वारी, हरभरा, जे घरात असेल ते अख्खं शिजवायचं, मीठ घालायचं आणि आलेल्या बायकांच्या ओटीत, पोरांच्या ओंजळीत द्यायचं. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" हे वाक्य मराठी माणसाने आयुष्यात एकदा तरी ऐकलेलं असतं. पण पुण्यात येऊन मी किती बारशी जेवले, घुगऱ्या एकाही ठिकाणी पाहिल्या नाहीत. आई चुलीवर पितळी पातेल्यात त्या शिजवायची. वर झाकणीत पाणी ठेवायची आणि आतलं आटलं की तेच कढत पाणी आत ओतायची. तास-दीड तास तरी जायचा.

मी कुकर लावला. पहिल्या दिवशी पाच शिट्ट्या केल्या. दाणा वरून फुलला, आत खडा राहिला. जुन्या ज्वारीला जास्त वेळ लागतो, हे तेव्हा कळलं. आता माझं ठरलेलं आहे: दहाबारा तास भिजवायची, ते पाणी टाकायचं, तिप्पट नवं पाणी घालून एक शिट्टी मोठ्या आचेवर करायची आणि मग गॅस अगदी बारीक करून अर्धा तास. मीठ शेवटी. वाटीभर कोरड्या ज्वारीच्या अडीच वाट्या होतात. बोटांत दाबली तर दबली पाहिजे, पण लगदा व्हायला नको. दाताखाली आधी साल तुटते, मग आतला मऊ गर येतो. उरलेलं पाणी दाट आणि गोडसर असतं. ते मी ओतून देत नाही, आमटीत घालते.

पहिल्या वेळी त्या घुगऱ्यांचं पुढे काय करायचं सुचेना. नुसत्या मीठ घालून खाल्ल्या तर यजमानांनी चार घास खाऊन ताट बाजूला केलं. फ्रिजमध्ये मेथीची अर्धी जुडी होती. मेथी पाहिल्यावर मला घोळाणा आठवला.

पुण्यातल्या बऱ्याच वाचकांना घोळाणा सांगावा लागेल. सोलापूरकडे, मराठवाड्यात भाकरीबरोबर कच्ची पालेभाजी खातात. कोवळी मेथी, करडई, हरभऱ्याचा पाला, पातीचा कांदा, जे हाताशी असेल ते बारीक चिरायचं. त्यावर शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि घाण्याचं कच्चं तेल घालून हातानेच घोळायचं. विस्तव लागतच नाही. रानात शिदोरी सोडल्यावर बांधावर बसून होणारा पदार्थ आहे हा. मी त्या मेथीचा घोळाणा केला आणि त्यात दोन वाट्या घुगऱ्या ओतल्या. मेथीचा कडवटपणा ज्वारीने पोटात घेतला, कूट दाण्यादाण्याला चिकटलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. मुलगी खराडीला एका कंपनीत काम करते. ती म्हणाली, "आई, ऑफिसच्या कँटीनमध्ये असलं सॅलड मिळतं, पण त्याला चव नसते." मला तोवर सॅलड म्हणजे काकडी-टोमॅटोच्या चकत्या एवढंच ठाऊक होतं.

मग मी रोजच करून पाहायला लागले. सगळं काही जमलं नाही. ओल्या घुगऱ्यांत काकडी घातली की तळाला पाणी साचायचं आणि चव धुऊन जायची. आता शिजलेली ज्वारी चाळणीत निथळली की मी ती जुन्या सुती पंचावर पसरते आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेवते. मुठीत धरून सोडली की दाणे सुटे पडले पाहिजेत. मग आधी तेल किंवा फोडणी चोळायची. दाण्याला तेलाचा हात लागला की तो वरून घातलेला रस पिऊन टाकत नाही. लिंबू, कैरी, दही यांचा नंबर नंतर. काकडी किसायची नाही, चोचवायची, म्हणजे ती करकरीत राहते आणि पाणीही कमी सुटतं. मीठ अगदी ताटं घेताना. हा क्रम मला कुणी शिकवला नाही. चारपाच बिघडलेल्या पातेल्यांनी शिकवला.

त्यातलं एक पातेलं मी विसरणार नाही. मे महिन्यात आमच्या भिशीच्या बायका घरी येणार होत्या. दुपारी एकलाच मी मोठं पातेलंभर ज्वारी, काकडी, दही, दाण्याचं कूट कालवून ठेवलं. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून ओट्यावर झाकून ठेवलं. रात्री आठला झाकण काढलं तर वास आला. चमचा वर उचलला तर बारीक तार आली. सगळ्या हॉलमध्ये बसल्या होत्या. मी ते सगळं टाकून दिलं आणि घाईने पोहे केले. अन्न टाकताना ती ज्वारी कुणाच्या हातची आहे, हेच डोळ्यांपुढे होतं. शिजलेलं धान्य पुण्याच्या उन्हाळ्यात भातासारखंच लवकर बिघडतं, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात राहायला हवी होती. आता शिजवलेली ज्वारी पंचावर निवली की लगेच पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये जाते आणि दही वाढायच्या आधी पाच मिनिटं. फ्रिजमधली ज्वारी दुसऱ्या दिवशी कडक होते, शिळा भात होतो तशीच. चाळणीत घेऊन वरून कढत पाणी ओतलं किंवा कढईत फोडणीवर परतली, की पुन्हा मऊ पडते.

आमच्या विश्रांतवाडीत एक बरं आहे. लोहगावचं हवाई दल, दिघी-कळसची लष्कराची आणि संरक्षण खात्याची ठाणी जवळ असल्याने इथे देशभरातली माणसं येऊन राहिली आहेत. आमच्या खालच्या मजल्यावर विजापूरकडचं कुटुंब आहे, यजमान फौजेतून निवृत्त झालेले. वहिनींना मी एकदा वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी पाहताक्षणी म्हटलं, "अय्या, गुग्गरी!" त्यांच्याकडेही हेच, नावही जवळजवळ हेच. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटी परत पाठवली ती भरून. ज्वारीत भिजवलेली मूगडाळ, खवलेलं ओलं खोबरं, आणि मोहरी, उडीदडाळ, कढीपत्त्याची फोडणी. मूगडाळीच्या त्या कच्च्या कोशिंबिरीला त्या कोसंबरी म्हणतात. गुग्गरी आणि कोसंबरी त्यांनीही एकत्र केली होती, मला न विचारता, माझ्यासारखीच. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून बराच वेळ त्यावर बोलत होतो. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की दोघींनी थांबायचं आणि आवाज ओसरला की पुन्हा सुरू.

त्याच वर्षी सगळीकडे भरडधान्याचं नाव झालं होतं. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं. दुकानांत राळा, वरी, कोद्रा यांची पाकिटं आली. मला त्याचा आनंदच झाला. ज्या ज्वारीचा माझ्या लहानपणी आम्हांला शहरातल्या पाहुण्यांपुढे संकोच वाटायचा, तिला मान मिळाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर त्याआधी, २०१६ मध्येच, भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि आमच्या घरची ती मालदांडी. तिची ३५-१ ही निवड आमच्या शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. परतीच्या पावसाची ओल जमिनीत धरून ठेवायची आणि त्या ओलीवर, थंडीच्या दवावर पीक उभं करायचं, हे या ज्वारीला जमतं. उसाला जेवढं पाणी एका पाळीला लागतं, तेवढंही तिने कधी मागितलेलं मी पाहिलं नाही.

हौसेने मी बाकीची धान्यंही आणून पाहिली. नाचणी अख्खी शिजवली, ती जमली नाही. दाणा इतका बारीक की चावायला काही हाती लागत नाही. मोड आणून वरून भुरभुरली तर बरी लागते. वरीचा लगदा झाला. राळा आधी कोरडा भाजून घेतला तर मोकळा होतो, पण ज्वारीसारखी त्याला दाताखाली पकड नाही. दलियाने मात्र मला फसवलं. लेबनॉन-सीरियाकडे भिजवलेल्या भरड्या गव्हात मूठमूठ हिरवा पाला आणि लिंबू घालून तब्बूले करतात, ते मुलीने दाखवलं. मी दलिया कोमट पाण्यात भिजवला, तर तो कच्चाच राहिला. त्यांचा गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. आपला दलिया कच्च्या गव्हाचा, तो शिजवावाच लागतो.

खपलीवर मात्र माझा जीव जडला. खपली गहू सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडचा. मळणी झाली तरी त्याचं टरफल दाण्याला धरून राहतं, ते कांडून काढावं लागतं. आपण तो खिरीसाठी आणतो. हाच गहू इटलीत फार्रो म्हणून ओळखला जातो आणि तिथले लोक तो अख्खा शिजवून भाज्यांबरोबर, ऑलिव्ह तेल घालून थंड खातात. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचं एमएसीएस २९७१ हे वाण काढलेलं आहे, म्हणजे हा गहू आपल्याकडे अजून पेरला जातो, त्यावर कामही होतं. रात्रभर भिजवून सात-आठ शिट्ट्यांत तो शिजतो आणि दुसऱ्या दिवशीही कडक होत नाही. हिवाळ्यात मी वांगं गॅसवर कोळशासारखं काळं होईस्तोवर भाजते, सोलून ठेचते, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसणीची फोडणी आणि मग शिजलेली खपली. वांग्याचा धुरकट वास गव्हाला लागतो. वरून डाळिंबाचे दाणे. हे मी केलेल्यांत सगळ्यात चांगलं, असं माझं मत आहे, आणि घरात त्यावर दुमत नाही.

करताना मी कृती पाहत नाही. टोपलीत काय आहे ते पाहते. धानोरी रस्त्यावर संध्याकाळी पालेभाजीवाल्या बसतात. त्यांच्याकडे पावसाळ्यात घोळ मिळते, तिची जाडसर आंबट पानं कच्चीच घालता येतात, मग लिंबू लागत नाही. एप्रिलमध्ये कैरी आणि कांदा. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, कोवळा मुळा पानांसकट. खमंग हवं म्हणून कारळ्याची किंवा जवसाची चटणी, नाहीतर सोलापूरची शेंगाचटणी. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या उरल्या, की ताटात वाढल्यावर वरून एक मूठ. शिजलेल्या ज्वारीवर फुटलेली ज्वारी. फक्त दोन गोष्टी मी पाळते: धान्य निम्म्याहून जास्त घालायचं नाही आणि एका पातेल्यात दोन आंबट गोष्टी घालायच्या नाहीत. यजमानांना साखर आहे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे, ज्वारी असली तरी धान्य ते धान्यच, शिजलेली वाटीभर घ्या, बाकी पाला आणि डाळ. म्हणून त्यांच्या ताटात मूगडाळ जास्त असते.

सालीचा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. सासूबाईंची कवळी आहे. ज्वारीची साल कवळीखाली जाऊन टोचायची. त्या बोलायच्या नाहीत, पण दाणे चोखून ताटाच्या कडेला ठेवायच्या. याचं उत्तर मिळालं ते पालखीच्या दिवशी. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना आमच्या आळंदी रस्त्यावरूनच जाते. पहाटेपासून दिंड्या पुढे येत असतात. लोक चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतात. ज्येष्ठात त्या सकाळी मी पाच वाट्या ज्वारीच्या घुगऱ्या नेल्या होत्या. कांदा-लसूण नाही, भिशीचा धडा ताजा होता म्हणून दहीही नाही. कैरी, खोबरं, कूट, कोथिंबीर. द्रोणातून वाटत होते. एक म्हाताऱ्या वारकरी बाई फूटपाथवर टेकून खात होत्या, परभणीकडच्या. त्यांनी द्रोण संपवला आणि मला जवळ बोलावलं. "ग्वाड झाल्यात गं. पर ज्वारी सडली न्हाईस. पान्याचा हबका मार, मुरू दे, मंग उखळात हलक्या हातानं सड. कोंडा पाखडून टाक." तोंडातून टाळ्याला चिकटलेली साल बोटाने काढून त्यांनी मला दाखवली.

आई हे करायची. खिरीसाठी, पापडासाठी ज्वारी सडताना मी तिला कितीदा पाहिलं होतं, घुगऱ्यांच्या वेळी मात्र ते आठवलं नाही. उखळ आता कुठलं? मिक्सरमध्ये करून पाहिलं तर कण्या झाल्या. शेवटी लोखंडी खलबत्ता काढला. माझं मनगट अजून ते काम करू देत नाही, म्हणून यजमान कुटतात, पेपर वाचून झाल्यावर, वाटीवाटीने. मी गच्चीत जाऊन सुपाने पाखडते. सगळी साल जात नाही आणि जावी असं मला वाटतही नाही. वरची पातळ, टोचणारी पापुद्र्यासारखी जी असते ती निघते. सासूबाईंची ज्वारी सडलेली, आमची न सडता तशीच. त्यांच्या ताटाच्या कडेला आता दाणे नसतात.

गेल्या फेब्रुवारीत आळंदीला एका कार्यालयात भावकीतलं लग्न होतं. भाऊ आला होता, रात्री आमच्याकडे राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट वाढलं: घोळाण्यातली ज्वारी, सोलाणे, पातीचा कांदा, वरून लाह्या. त्याने आधी दाणा चिमटीत धरून उजेडाकडे पाहिलं. "मालदांडीच हाय की." मग खाऊ लागला. मधेच म्हणाला, "आई जास्त शिजवायची." मी म्हटलं, हो, आईच्या घुगऱ्या जास्त मऊ असत. तो काही बोलला नाही, वाटी पुढे केली. मी वाढलं. आणखी एकदा वाढलं.

संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसला त्याला सोडायला निघालो, तेव्हा त्याच्या पिशवीत मी डबा ठेवला. दारात चप्पल घालताना त्याने विचारलं, "अक्का, महिन्याला किती लागती तुला?"

मी मनात मोजलं. आमचं तिघांचं, सासूबाईंचं, मुलीचा दोनदा ऑफिसला नेलेला मोठा डबा, खालच्या वहिनी. "पाच किलो. कधी वर."

तो थांबला. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत हिशेब केला.

"मंग एक पोतं पुरत न्हाई की तुला."